मुक्ताई दाराशी उभी आहे



आषाढाची वारी आणि कॉलेजच्या प्रवेशाची धांदल, दोन्ही एकाच सुमाराला येतात. दिंडीत चालताना पाहा तुम्ही. एका हातात टाळ, दुसऱ्या हातात मोबाईल. "दुसरी यादी लागली का? पुण्याला मिळालं का?" पालखी पंढरीला पोहोचते आणि तिकडं पोरगं होस्टेलला पोहोचतं. आपण दर्शन घेऊन माघारी येतो. पोरगं काही माघारी येत नाही, ते तिथंच राहतं. त्या मागं राहिलेल्या लेकरासाठी आजची सेवा आहे. तुम्ही हे मंडपात बसून ऐकलेलं नसेल, नुसतं पुस्तकात वाचत असाल, तरी घरातलं कोणी शिकायला बाहेर असेल तर हे तुमच्याचसाठी आहे असं समजा.

चरित्र घेऊ नामदेवरायांचं. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमलेली. निवृत्तीनाथ, ज्ञानोबा, सोपानदेव, मुक्ताबाई आणि पंढरपूरहून आलेले नामदेवराय. मुक्ताबाईंचं लक्ष काकांच्या थापटण्याकडं गेलं. विचारलं, काका, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं, हे यानं कळतं. मग आमची पण पारख करा की! काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं वाजवीत निघाले. सगळे गप्प बसून राहिले. नामदेवरायांच्या डोक्यावर बसलं मात्र, ते कळवळले, चिडले. निकाल लागला. एवढं एक मडकं कच्चं.

आता नामदेवराय कोण? देव ज्यांच्या हातचा नैवेद्य जेवला, ज्यांच्याशी बोलला, ते नामदेव. पंढरपुरात त्यांच्या तोडीचं कोण होतं? आणि तेरच्या त्या अंगणात, बरोबरीच्या माणसांत, चारचौघांसमोर ते कच्चे ठरले.

ही कथा आम्ही कीर्तनकार नेहमी अहंकाराच्या अंगानं सांगतो. अहंकार गेला पाहिजे, गुरू केला पाहिजे. ते खरंच आहे, त्याला नकार नाही. पण आज मला दुसरंच दिसतं. तालुक्यात पहिला आलेला पोरगा दिसतो. गावानं फेटा बांधला, चौकात फलक लावला, सरपंचांनी पेढा भरवला. आणि तो पुण्याच्या वर्गात जाऊन बसला, तर तिथं साठच्या साठ पोरं कुठून ना कुठून पहिली आलेली! मास्तर इंग्रजीत बोलतात. यानं एक शब्द उच्चारला, मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. त्या दिवसापासून यानं हात वर करणं सोडलं. पहिल्या चाचणीत आयुष्यात कधी पडले नव्हते इतके कमी गुण पडले. थापटणं बसलं, माउली. आणि घरी फोनवर काय सांगतो? "सगळं ठीक आहे."

कच्चं म्हणजे वाईट का हो? कुंभाराला विचारा. चाकावरून उतरलेलं मडकं तो लगेच आव्यात घालत नाही. घातलं तर फुटेल. आधी सावलीत ठेवतो. सावलीत, बरं का, उन्हात नाही. एकदम ऊन लागलं तर बाहेरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि तडा जातो. सावलीतलं पाणी हळूहळू गेलं की मग ऊन, आणि मग आवा. आपण काय करतो? चाकावरचं ओलं मडकं उचलतो आणि थेट जाळात ठेवतो. शेत गहाण ठेवून फी भरलीय, ध्यानात ठेव. तुझ्या बहिणीचं लग्न तुझ्या नोकरीवर आहे, ध्यानात ठेव. पहिल्या सहा महिन्यांत लेकराला हे ऐकवायचं नसतं. त्याला ते ठाऊकच असतं. रात्री झोप येत नाही ती त्याच्यामुळेच.

एका मायलेकरांचं सांगतो. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. स्वारगेटपासून एसटीनं दोन तासांवरचं गाव आहे एवढं पुरे. मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर राहायचा. मेसचं जेवण परवडत नव्हतं, म्हणून माय सकाळच्या एसटीत डबा ठेवायची. ड्रायव्हर ओळखीचा. पोरगं स्टँडवर येऊन भरला डबा घ्यायचं आणि आदल्या दिवसाचा रिकामा परत द्यायचं. ज्यांची पोरं अशी शिकली त्यांना हा डबा माहीत आहे.

ती माय शिकलेली नाही. पण डबा वाचायला शिकली होती. पहिले दोन महिने डबा घासूनपुसून यायचा. मग नुसता रिकामा यायला लागला, न घासता. मायला वाटलं, अभ्यास वाढला असेल. मग भाजी संपलेली आणि भाकरी तशीच. मग अर्धी भाजीही तशीच. एक दिवस ड्रायव्हरनं भरला डबाच परत आणून दिला. म्हणाला, मावशी, आज तो आलाच नाही घ्यायला. फोन केला तर पोरगं म्हणालं, "मित्राकडं जेवलो, सगळं ठीक आहे." दुसऱ्या दिवशीही डबा परत आला. तिसऱ्या दिवशी मायनं डबा ड्रायव्हरच्या हातात दिला नाही, स्वतःच डबा मांडीवर घेऊन एसटीत बसली.

खोलीचं दार आतून लावलेलं. ती पोहोचली खरी, पण तिला तिथं दाराशीच ठेवून मी तुम्हाला आता कुरुक्षेत्रावर नेतो. कारण दाराशी बसून काय करायचं, हे कळल्याशिवाय दार वाजवण्यात अर्थ नाही.

गीतेचा पहिला अध्याय. अर्जुनविषादयोग. अठरा अध्यायांच्या ग्रंथाची सुरुवात भगवंतांनी एका माणसाच्या विषादानं होऊ दिली आणि त्याला योग म्हटलं. अर्जुन काय सांगतो? गात्रं गळून गेलीत. तोंडाला कोरड पडलीय. अंग थरथरतंय, अंगावर काटा आलाय. गांडीव हातातून सुटतंय. कातडीची आग होतेय. उभं राहवत नाही, मन भ्रमल्यासारखं झालंय. अहो, हे काय तत्त्वज्ञान आहे का? हे दुखणं आहे! आजच्या डॉक्टरपुढं कोणी असं बोललं तर तो कागदावर लिहून घेईल. आणि हा अर्जुन म्हणजे कोणी ऐरागैरा आहे का? द्रोणाचार्यांच्या शाळेतला पहिल्या नंबरचा विद्यार्थी. हुशार पोराला असं होत नाही, असं जो म्हणतो त्यानं गीता उघडलेली नाही.

आता भगवंत काय करतात ते पाहा. पहिल्या अध्यायात भगवंत एकच वाक्य बोलतात, तेही अर्जुनानं रथ मध्ये नेऊन उभा करायला सांगितल्यावर, हे जमलेले कौरव बघ, एवढंच. बाकी अध्यायभर ऐकतात. दुसऱ्या अध्यायात मात्र सुरुवातीला जरा कडक बोलतात. हे काय भलत्या वेळी? हा दुबळेपणा सोड, ऊठ. म्हणजे आपण फोनवर जे बोलतो तेच. "रडतोस काय, मर्द हो." त्याचा उपयोग झाला का? नाही झाला, माउली! साक्षात भगवंतांच्या रागावण्यानं अर्जुन उठला नाही. उलट म्हणाला, माझी इंद्रियं सुकवून टाकणारा हा शोक राज्य मिळालं तरी जाईल असं दिसत नाही. मी लढणार नाही, म्हणाला, आणि गप्प बसला.

ती गप्प बसण्याची जागा फार जपून वाचा. पोरगं बोलायचं थांबतं ती हीच जागा. तिथं भगवंतांनी आवाज चढवला नाही. चेहऱ्यावर हसू आणलं, आणि मग सांगायला बसले, अगदी अठराव्या अध्यायापर्यंत. रथाचे लगाम हातात, दोन्ही बाजूंना सैन्य उभं, आणि देवाला घाई नाही. आपल्याला असते. आपल्या फोनवर दोन मिनिटांत सगळं आटोपतं आणि त्यात पहिला प्रश्न असतो, पेपर कसा गेला?

आता मुक्ताबाईंकडं येऊ. ही चार भावंडं. आईवडिलांना शास्त्राच्या नावाखाली देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलेलं, समाजानं वाळीत टाकलेलं. अशा जगात ज्ञानोबांचं मन एकदा लोकांच्या बोलण्यानं इतकं दुखावलं की ते झोपडीत शिरले आणि ताटी लावून बसले. कोण? ज्ञानोबा! माउली! ज्यांनी भिंत चालवली असं आपण सांगतो, त्यांनाही एक दिवस दार लावून घ्यावंसं वाटलं. हे ऐकून एखाद्या होस्टेलातल्या लेकराला जरा बरं वाटेल, म्हणून मुद्दाम सांगतो.

दाराबाहेर आली ती धाकटी बहीण. आता ताटी म्हणजे काय? सागवानी दरवाजा नव्हे. काटक्यांची, कुडाची झडप. एका लाथेनं पडली असती. मुक्ताबाईंनी ढकलली नाही. बाहेर उभ्या राहिल्या आणि बोलत राहिल्या, एकामागून एक अभंग. ताटीचे अभंग म्हणतात ते हेच. उपदेश केला नाही असं मी म्हणणार नाही. केला. पण तो दाराशी उभं राहून केला. लांब बसून निरोप पाठवला नाही. तुम्ही कोण आहात याची आठवण दिली, जवळपणानं दिली, आणि ताटी आतूनच उघडेल याची वाट पाहिली. आणि ही तीच मुक्ताई, बरं का, जिच्या एका शब्दावरून तेरला नामदेवरायांची पारख झाली. तिला कच्चं मडकं ओळखता येत होतं आणि लावलेली ताटीही ओळखता येत होती. दोन्हीकडं एकच औषध तिनं वापरलं नाही.

एक मात्र मध्येच सांगून ठेवतो. आतल्याच्या जिवाला धोका आहे अशी शंका आली, तर ताटीबिटी काही बघायची नाही. दार मोडा. माणसं बोलवा. तिथं वाट पाहणं नाही.

आता त्या मायकडं. तिनं दार वाजवलं. म्हणाली, "डबा आणलाय. उघडायचं तेव्हा उघड, मी इथंच आहे." आणि जिन्यात बसली. तासाभरानं दार उघडलं. आत अंधार, कपड्यांचा ढीग, पोरगं किती दिवस अंघोळ न केलेलं. तिनं परीक्षेचं विचारलं नाही. फीचं विचारलं नाही. भाकरीचा तुकडा मोडून हातात दिला. बऱ्याच वेळानं पोरगं म्हणालं, "आई, मला काहीच वाटत नाही गं. रडू पण येत नाही." माय मला सांगत होती, महाराज, तेव्हा मला कळलं की हे घरच्या आठवणीचं दुखणं नाही.

हा फरक तुम्हालाही कळायला हवा. नव्या जागी पहिले काही आठवडे घरची ओढ लागते, अन्न गोड लागत नाही, रडू येतं. ते होणारच. नवी सून माहेर आठवून रडते, तिला कोणी आजारी म्हणत नाही. ओळखी झाल्या की ते ओसरतं. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस, रोज, दिवसभर मन खचलेलं, झोप उडालेली किंवा सारखी झोपच, जेवण सुटलेलं, आवडीच्या गोष्टीत रस नाही, वर्गात जाणं बंद, आपल्या वस्तू वाटून टाकतोय, "मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता" असं बोलतोय, हसत बोलला तरी. यातलं काही दिसलं की ते दुखणं समजा. आणि सरळ विचारा, बाळा, जगणं नको असं मनात येतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. विचारणारं कोणीतरी भेटलं म्हणून उलट मन हलकं होतं.

हे मी उगाच ताणून सांगत नाही. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव दिल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यात सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रातले. ज्ञानोबा-तुकोबांच्या महाराष्ट्रातले! दिवसाला पस्तीस लेकरं पडतात हिशेबाला. एवढ्या घरांत कोणी "पाप केलं त्यानं" असं म्हणून बसू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही असा प्रयत्न केलेल्याला गुन्हेगार मानायचं सोडलं, तो तीव्र ताणाखाली होता असं धरा म्हटलं. कायद्याला कळलं ते आपल्या व्यासपीठांना अजून कळत नाही, याचं वाईट वाटतं. आजची पोरं लेचीपेची, आम्ही बघा दगड खाऊन शिकलो, अशी टाळी घेणारी कीर्तनं होतात. मंडपाच्या कडेला एखादं असं पोरगं बसलेलं असतं. ते ऐकतं, आणि आणखी आत जातं.

दुसरं बोलतात ते असं: "नाम घे, सगळं जाईल." अहो, नाम घ्याच. मी पन्नास वर्षं तेच सांगतोय. पण तुमची साखर वाढली तर तुम्ही नाम घेता आणि गोळीही घेता की नाही? मग मनाच्या गोळीशीच भांडण का? आणि त्याहून मोठं प्रमाण देतो. नामदेवराय कच्चे ठरून, रडत पंढरपूरला आले. समोर प्रत्यक्ष पांडुरंग. देवाला तिथल्या तिथं त्यांना पक्कं करता आलं नसतं? पण देवानं काय केलं? औंढ्या नागनाथाला जा, विसोबा खेचरांना भेट, म्हणून पाठवलं. देवानं स्वतः समोर असताना जाणत्या माणसाकडं पाठवलं! मग आपण लेकराला डॉक्टरकडं पाठवलं तर देवाचा अपमान कुठं होतो? अंगारा लावा, कपाळाला शोभतो. पण अंगाऱ्यावर भागवू नका, आणि भगताकडं नेऊन झाडफुंकीत महिने घालवू नका.

तो मुलगा डॉक्टरकडं गेला. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधी माहीत असावं, नाहीतर आठ दिवसांत लोक म्हणतात, काही फरक नाही, बंद कर. आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचंही नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच. याचं एक सत्र बुडालं. गावात चर्चा झाली, पोरगं पळून आलं म्हणाले. बाप काही दिवस पारावर बसायचा नाही. मग एकदा कोणीतरी टोमणा मारला तेव्हा म्हणाला, "पाय मोडला असता तरी घरीच आलं असतं ना? तसंच समजा." मला त्या बापाचं फार कौतुक वाटतं. मुलगा पुढच्या वर्षी परत गेला. आता जेवायला मेसमध्ये जातो. डबा बंद झाला म्हणून मायलाच चुकल्यासारखं होतं.

नामदेवरायांचंही पुढं काय झालं? जे तेरला कच्चे ठरले ते पुढं आपली भाषा, आपला मुलूख सोडून पार पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान म्हणून गाव आहे, तिथं राहिले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. तिकडच्या लोकांच्या बोलीत गायले, पण त्या पदांतही बीठल म्हणजे आपला विठ्ठल आहेच. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरलं ते त्याच घुमानला. तिकडं गेले म्हणून इकडचं टाकलं नाही, आणि इकडचं धरलं म्हणून तिकडं परके राहिले नाहीत. ज्या पोराला आपल्या बोलीची वर्गात लाज वाटते, त्याला हे सांगा.

वारकऱ्यांनी तरी ऐकण्याची रीत विसरू नये. माउलींच्या पालखीसोबत चाललात तर संध्याकाळची समाज आरती आठवा. सगळ्या दिंड्या गोल उभ्या. चोपदारांनी दंड वर केला की लाखांच्या गर्दीत टाळ-मृदंग थांबतात. पण ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असतं ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिथं जातात, काय झालं विचारतात, ऐकून घेतात. मग आरती. किती शहाणी रीत आहे! दुखावलेल्यानं आवाज करायचा आणि मोठ्यांनी चालत त्याच्याकडं जायचं. आपल्या लेकरांचं मात्र उलटं होतं. सगळं घर वाजत असतं आणि दुखावलेलं एकटं गप्प असतं. म्हणून चोपदाराला इथं जास्त कान द्यावा लागतो. डबा पाहावा लागतो.

आता कामाचं. एक नंबर लिहून घ्या. १४४१६. टेली-मानस म्हणतात. सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. लेकरानं करावा, आईबापानंही करावा. आम्ही काय करू, हे विचारायलाही तो चालतो. आणि कॉलेजात विचारा, समुपदेशक कोण आहे? शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं प्रशिक्षित समुपदेशक ठेवावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलेलं आहे. प्रवेशाच्या वेळी आपण मेस विचारतो, पाणी विचारतो, तसं हेही विचारायचं. लाजायचं नाही.

आरतीची वेळ झाली. ज्यांची लेकरं बाहेरगावी आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर फोन लावा. पेपरचं उद्या विचारा. आज एवढंच विचारा, काय जेवलास? कोणाबरोबर जेवलास? आणि तो गप्प झाला तर फोन ठेवू नका, तसाच कानाला धरून बसा.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.